काळ्या गळ्याचा डोबोक

बाजाराच्या एका गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, शिवणकाम करणारी एक बाई राहत होती. तिचं नाव रत्नमाला. तिच्या हाताला फार चांगलं वळण होतं. माणसाकडे नुसतं बघून ती सांगायची, की याचा डावा खांदा उतरलेला आहे आणि हिला बाही थोडी सैल लागेल. गावातल्या बायका म्हणायच्या, रत्नमालाने शिवलेलं पोलकं अंगात घातलं की चालणंच बदलतं.

तिला एकच मुलगी होती, कांचन. नवरा लांब गुजरातेत कारखान्यात कामाला, सणासुदीला घरी येणार. एरवी घरात दोघीच. कांचन नववीत होती आणि वर्गात सगळ्यात उंच होती. त्या उंचीची तिला लाज वाटे. ती खांदे पाडून, मान खाली घालून चाले. वर्गाचा फोटो निघाला की ही मागच्या ओळीत, तीही कडेला, अर्धी कुणाच्या तरी पाठीमागे.

रत्नमालाला ते बघवत नसे. ती स्वतःही जन्मभर मागेच उभी राहिली होती. लग्नकार्यात तिने शिवलेले कपडे घालून बायका पुढे मिरवायच्या आणि ही भिंतीशी उभी राहून आपली शिलाई नीट बसली ना ते बघायची. आपल्या मुलीने तरी असं मागे राहू नये, एवढीच तिची इच्छा होती. इच्छा वाईट नव्हती. पण पुढे जे झालं ते या इच्छेतूनच झालं, म्हणून ती आधी सांगितली.

त्या वर्षी गावात तायक्वांदोचा वर्ग सुरू झाला. शिकवायला लोखंडे नावाचे सर आले. नाव लोखंडे, पण आवाज अगदी मऊ. पोरांवर ओरडायचे तेसुद्धा जणू माफी मागत. एक दिवस ते रत्नमालाच्या दारात आले. त्यांच्या हातात घडी घातलेला पांढरा सदरा आणि पायजमा होता.

"ताई, असे शिवून द्याल का? याला डोबोक म्हणतात. आमचा गणवेश. शहरातून मागवला की लहान मुलांना पोत्यासारखा होतो आणि उंच मुलांना आखूड."

रत्नमालाने सदरा उलटा करून आतली शिलाई बघितली. "शिवीन की. त्यात काय एवढं."

"गळा मात्र सगळ्यांचा पांढरा ठेवा. माझ्या गळ्याला काळी पट्टी आहे, तशी नको. मुलं नवीन आहेत."

"काळी पट्टी फार उठून दिसते हो, सर."

"म्हणूनच नको," सर हसून म्हणाले. पुढे ते काही सांगणार होते, पण रत्नमाला तोवर कपाटातून कापड काढायला वळली होती.

गळा पांढरा ठेवायचा, हे तिने ऐकलं. का ठेवायचा, हे तिने विचारलं नाही. कुणाला साधा गळा आवडतो, कुणाला नक्षीचा. गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं, इतकंच तिला ठाऊक.

शिवता शिवता तिच्या मनात आलं, आपल्या कांचनला घालू या का या वर्गात? पोरगी जरा मान वर करून चालायला लागेल. कांचन आधी नको म्हणाली, मग बरं म्हणाली.

वर्ग सुरू होण्याआधी सरांनी सगळ्या पालकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. नवीन मुलांनी काय लक्षात ठेवायचं ते त्यांना सांगायचं होतं. रत्नमाला शेवटच्या खुर्चीवर बसली. शेजारी गल्लीतल्या सुलभावहिनी. त्यांची नात गुड्डी आधीपासून दुसऱ्या गावी या वर्गाला जात होती, आता इथे येणार होती.

सर सांगू लागले. मुलांची नखं कापून पाठवा. बांगड्या, कानातलं, साखळी घरी ठेवा. भरल्या पोटाने पाठवू नका. कुणाला दम लागत असेल, कुठे जुनं दुखणं असेल, तर लपवू नका, मला सांगा. मी कुणाला काढून टाकणार नाही, फक्त जपून घेईन. आणि लाथ मारायला कधी शिकवणार, असं पहिल्याच आठवड्यात विचारू नका. आधी आम्ही उभं राहायला शिकवतो आणि पडायला शिकवतो.

"पडायला?" एक गृहस्थ म्हणाले. "ते आमच्या पोराला आधीच येतं."

सगळे हसले. सरही हसले.

"हात न मोडता पडायला," ते म्हणाले. "घाबरलेला माणूस पडताना हात मागे टेकतो. ती सवय मोडायला वेळ लागतो. ज्याला पडता येत नाही, त्याला मी कुणासमोर उभा करत नाही."

मग ते पांढऱ्या गळ्याकडे वळले. पण तेवढ्यात रत्नमाला सुलभावहिनींच्या कानाशी लागली होती. "बघा हो वहिनी, सरांचा सदरा काखेत कसा ओढतोय. शहरातली शिलाई. हात वर केला की फाटणार."

"अगं, फाटला तर तुझ्याकडेच येतील," वहिनी कुजबुजल्या, आणि दोघी पदराआड हसल्या.

सर थांबले. "ताई, काही विचारायचंय का?"

"नाही नाही, सर. तुमच्या काखेची शिलाई बघत होते."

हॉलमध्ये हशा पिकला. सर लाजले, पुन्हा बोलू लागले, आणि बोलून झालं. पांढऱ्या गळ्याचं कारण त्या हशाआधी आणि हशानंतर सरांनी सांगितलं होतं. ज्यांना ऐकायचं होतं, त्यांनी ते ऐकलं. रत्नमाला घरी आली तेव्हा तिच्या ध्यानात फक्त ती काख होती.

वर्ग सुरू झाला. तायक्वांदोत ओळ वयाने किंवा उंचीने लागत नाही. ज्याच्या कमरेच्या पट्ट्याचा रंग वरचा तो पुढे, नवा तो मागे. कांचन पहिल्या दिवशी सवयीने मोठ्या मुलींजवळ जाऊन उभी राहिली, तर तिच्या कोपरापर्यंत येणारी गुड्डी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, मागे! पिवळा पट्टा पुढे असतो. तुझा पांढरा आहे."

"गुड्डे, ताईशी नीट बोल," सर म्हणाले.

"नीटच बोलले की. ताई म्हटलं ना!"

कांचन मागे गेली. अगदी शेवटी, कोपऱ्यात. तिच्यापुढे सगळी बारकी बारकी डोकी. दारातून बघणाऱ्या रत्नमालाच्या काळजात कळ उठली. इथेही मागेच!

आणि मग ते पडणं. पहिला सगळा वेळ मुलं गादीवर लोळायची. पाठ गोल करायची, हनुवटी छातीशी घ्यायची, हात अंगाशी ठेवून तळव्याने गादीवर थाप मारायची. लहान पोरांना मजा वाटे. कांचनला मेल्याहून मेल्यासारखं होई. एवढी मोठी मुलगी पडली की गादीचा आवाजही मोठा यायचा आणि पोरं खिदळायची.

"आई, मला नाही ते पडायचं जमत," ती घरी येऊन म्हणाली.

"मग नको करू. जरा उशिरा जात जा, तोवर ते उरकलेलं असतं," रत्नमाला म्हणाली. "मी माझ्या मुलीला पडायला शिकायला नाही पाठवलेली."

तेव्हापासून कांचन उशिरा जाऊ लागली. सरांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. "घरी काम असतं," असं ती सांगायची. सर म्हणाले, "बरं, पण पडणं शिकल्याशिवाय मी तुला पुढचं काही देणार नाही." आणि त्यांनी दिलं नाही. कांचन मागे उभी राहून नुसत्या मुठी पुढे-मागे करत राहिली.

थंडीच्या दिवसांत शेजारच्या मोठ्या गावी सगळ्या वर्गांचा एकत्र सराव ठरला. नवीन मुलांनी सतरंजीवर बसून बघायचं आणि दुपारी थोडं करून दाखवायचं, असं सरांनी सांगितलं. कांचन घरी येऊन तोंड पाडून बसली.

"काय झालं गं?"

"सगळ्या गावांची मुलं येणार आहेत, आई. मी तिथे गुड्डीच्या मागे बसणार. लोक म्हणतील, एवढी घोडी आणि काही येत नाही हिला."

रत्नमालाने मशीन थांबवलं. समोर सरांच्या दुसऱ्या सदऱ्याचं काम पडलं होतं. त्याच्या गळ्याची काळी पट्टी उन्हात चमकत होती. तिच्या मनात विचार आला आणि तिला तो फार साधा वाटला.

"तुझ्या डोबोकाला अशी पट्टी लावते मी. काय दिसशील!"

"आई! सर ओरडतील."

"सरांना कशाला दिसेल? वरून स्वेटर घाल. तिथे गेलं की फोटोपुरता काढायचा. बाबांना पाठवू. बघू देत त्यांना आपली लेक."

कांचन जरा घुटमळली. मग तिने हळूच विचारलं, "खरंच लावशील?"

रत्नमालाने पट्टी लावली. तिच्या आयुष्यात तिने इतका सुबक गळा शिवला नव्हता. टोक अगदी मधोमध आलं, कुठे एक सुरकुती नाही. शिवताना ती गुणगुणत होती.

सरावाच्या दिवशी सर गाद्या आणि सामान घेऊन टेम्पोने पुढे गेले. मुलं आपापल्या घरच्यांबरोबर एसटीने गेली. या दोघी पोचल्या तेव्हा सराव सुरू झाला होता. भला मोठा हॉल, आणि त्यात पांढऱ्या कपड्यांतली मुलंच मुलं. लोखंडे सर पार पलीकडच्या टोकाला लहान मुलांना घेऊन बसले होते. त्यांची या बाजूला पाठ होती. अलीकडे गुड्डी सतरंजीवरून हात हलवत होती, "कांचनताई, इथे! जागा धरलीय!"

"आधी फोटो," रत्नमाला म्हणाली.

कांचनने स्वेटर काढला. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर तो काळा गळा उठून दिसला. "मान वर," रत्नमाला मोबाइल धरून म्हणाली. "खांदे मागे. अशी!" आणि कांचन ताठ उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपल्या पूर्ण उंचीची झाली.

तेवढ्यात कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या छोट्या मुली जाताना थांबल्या आणि त्यांनी कांचनला वाकून नमस्कार केला. काळा गळा म्हणजे काळा पट्टा मिळवलेला, आणि त्याला लहानांनी असा नमस्कार करायचा असतो. कांचन गोंधळली, मग तीही वाकली. तिचा चेहरा फुलला.

आता स्वेटर घाल, असं म्हणायचं रत्नमालाच्या ओठांवर आलं होतं. पण पोरगी इतकी छान उभी होती, की तिला ते म्हणवेना. जरा वेळ राहू दे, असं तिला वाटलं.

इतक्यात एक अनोळखी कोच लगबगीने आले. "ए काळा गळा! इकडे ये, बेटा. एका मुलीला जोडीदार कमी पडतोय. फाइट खेळतेस ना?"

कांचनने आईकडे बघितलं.

फाइट म्हणजे काय, ते रत्नमालाला नीट कळलंही नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की भरल्या हॉलमधून तिच्या मुलीला, तिच्याच मुलीला, कुणीतरी पुढे बोलावतंय. तिने हाताने खूण केली. जा.

"हो, सर," कांचन म्हणाली.

"पट्टा कुठाय?"

"बॅगेत आहे."

"असू दे. गार्डखाली झाकला जातो, नाहीतरी. चल, बांध लवकर."

त्यांनी तिच्या छातीवर जाड गार्ड बांधला, डोक्यावर हेल्मेट घातलं. आता कमरेचं काही दिसत नव्हतं. दिसत होता फक्त गळा.

समोर वैदेही नावाची मुलगी होती. तीही कांचनच्याच वयाची, तिचाही गळा काळा. पण तो तिने लहानपणापासून घाम गाळून मिळवलेला. दोघी एकमेकींना वाकल्या. "शिजाक!" कोच म्हणाले. म्हणजे सुरू करा.

वैदेहीने पहिली लाथ गार्डवर हलकेच टेकवली. कांचन मागे सरली. वैदेहीला वाटलं, ही मला आजमावतेय. तिने दुसरी जरा जोरात मारली. कांचन पुन्हा मागे सरली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. रत्नमालानेही वाजवल्या.

सतरंजीवरून गुड्डी उठली आणि ओरडत पलीकडे धावली. "सर! सर! आपली कांचनताई फाइटला उभी राहिलीय!"

लोखंडे सर वळले. त्या मऊ आवाजाच्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी ओरडताना ऐकलं. "थांबवा! ती नवीन आहे! थांबवा!"

पण वैदेहीचा पाय तोवर उचलला गेला होता. गर्रकन गिरकी घेऊन तो डोक्याच्या उंचीला आला. जाणती मुलगी असती तर नुसती मागे झुकली असती आणि पाय हवेतून निघून गेला असता. कांचन त्या पायाकडे बघत उभी राहिली. लाथ हेल्मेटला लागली. लाथेने तिला फारसं काही झालं नाही. जे झालं ते पडण्याने झालं. घाबरून तिने उजवा हात मागे टेकला आणि अंगाचा सगळा भार त्या एका हातावर आला. लाकडी पट्टी मोडावी तसा आवाज झाला. रत्नमालाच्या हातांची टाळी तशीच अर्धवट राहिली.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कांचनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. हाडं बसवली. पण हाडाच्या तुकड्याने आतली नस दुखावली होती. डॉक्टर म्हणाले, "वाट बघू." सगळ्यांनी वाट बघितली. हात कोपरात वाकडा राहिला. बोटं आत वळली ती वळलीच. पेन धरवेना, वेणी घालता येईना.

लोखंडे सर दवाखान्यात आले तेव्हा डोबोक पिशवीत होता. त्यांनी तो बाहेर काढला, गळ्यावरून अंगठा फिरवला आणि ते बाकावर बसले.

"हा कुणी शिवला, ताई?"

"मी."

"मी सांगितलं होतं ना, पांढरा का ठेवायचा ते?"

रत्नमालाला आठवत होती ती काख, तो हशा. कारण काही केल्या आठवत नव्हतं. तिने मान खाली घालून विचारलं, "काय सांगितलं होतं, सर?"

सरांनी डोबोकाची घडी घातली. मग जड आवाजात म्हणाले, "पांढरा गळा दिसला, की समोरचा आपला पाय आवरतो. डोक्यावर मारत नाही, जोराने मारत नाही. नव्या मुलाचं त्याच्याइतकं दुसरं चिलखत नाही. तुम्ही तिच्या अंगावरचं चिलखत काढून घेतलंत, ताई."

त्यांनी यापेक्षा कठोर शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर तिला बरं वाटलं असतं.

नंतर एकदा वैदेही वडिलांबरोबर घरी आली. दाराशीच उभी राहिली. कांचनच्या हाताकडे बघून तिचे डोळे भरले.

"मला गळा काळा दिसला गं," ती म्हणाली. "तू नवी आहेस हे एकदा सांगितलं असतंस, तर मी लाथ नसती मारली. मी तुला पडायला शिकवलं असतं."

"मला माहीत आहे," कांचन म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही."

पण ते ऐकून वैदेहीचं समाधान झालं नाही. तिने तायक्वांदो सोडलं. पाय उचलला की तो आवाज ऐकू येतो, असं ती म्हणायची. तिच्या वडिलांनी समजावलं, कोचनी समजावलं. ती पुन्हा गादीवर उतरली नाही. अशा रीतीने ज्या मुलीने काहीच लपवलं नव्हतं, तिचंही सगळं गेलं.

आणि कांचन? ती आता पूर्वीपेक्षा जास्त वाकून चाले. वाकडा हात ओढणीखाली झाकायचा असे ना.

एका दुपारी रत्नमालाने तो डोबोक काढला आणि ब्लेड घेऊन काळी पट्टी उसवायला बसली. एकेक टाका तोडत गेली. पट्टी निघाली. खालचा पांढरा गळा दिसला. पण दवाखान्यातून आणल्यावर धुताना पट्टीचा रंग उतरला होता. गळ्याभोवती राखेसारखा काळसर डाग राहिला होता आणि टाक्यांची भोकं ओळीने तशीच होती. तिच्या बारीक, सुबक टाक्यांची भोकं. टाके एवढे बारीक नसते, तर भोकंही एवढी पडली नसती.

कांचन दारात उभी होती. "काय करतेस, आई?"

"पांढरा करते गं पुन्हा."

"आता कुणासाठी?"

रत्नमालाच्या हातातलं ब्लेड तसंच राहिलं. कांचन आत निघून गेली.

वर्ग मात्र चालूच राहिला. दर वर्षी नवी मुलं येतात. रत्नमाला अजून त्यांचे डोबोक शिवते, दुसरं काय करणार? नव्या मुलाची आई माप द्यायला आली, की ती हातातलं काम खाली ठेवते आणि सांगू लागते. "बाई, मुलाचं काही दुखत असलं तर सरांना सांगा. पडायला शिकवतात तो वेळ चुकवू नका. कुणी विचारलं, तर मी नवीन आहे म्हणून सांगायला शिकवा त्याला. आणि गळा पांढराच ठेवा, कारण..."

परवा अशीच एक आई आली होती. छान, हसतमुख बाई. रत्नमाला बोलत होती, आणि ती बाई खुंटीला टांगलेला सरांचा सदरा हातात घेऊन निरखत होती.

"कारण समोरचा माणूस..." रत्नमाला सांगत होती.

"अहो ताई," ती बाई मधेच म्हणाली, "ही काळी पट्टी काय सुरेख बसवलीत! आमच्या पिंट्यालाही अशीच लावाल का? फोटोत किती छान दिसेल."

आत कांचन डाव्या हाताने भांडी घासत होती. तिच्या हातातून ताट निसटलं. रत्नमाला त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बाई मान डोलवत होती. तिची नजर पट्टीवरच होती.

तात्पर्य: नव्याने शिकणाऱ्याने आपण नवे आहोत हे कधी लपवू नये, आणि त्याच्या माणसांनीही लपवू देऊ नये; 'मला अजून येत नाही' हे उघड सांगणं हेच त्याचं चिलखत असतं, आणि ते खोट्या मोठेपणासाठी एकदा उतरवलं, की झालेलं नुकसान कुठल्याही पश्चात्तापाने भरून येत नाही.